घरात म्हाईत हाय?

कांबळेसाहेबांना मी पाहिलं त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा होता. लग्न होऊन मी गारगोटीहून शिवाजी पेठेत आले. सासरच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गल्लीत उघडायची, आणि समोरच्या घरातून रोज संध्याकाळी एका पुरुषाचं ओरडणं ऐकू यायचं. "साखर! चहात साखर न्हाय!" त्यावर बाईचा आवाज, त्याच्याहून वरच्या पट्टीत, "ह्या वक्ताला भाकर?" "भाकर न्हवं, साखर!" मला वाटलं, काय भांडखोर जोडपं आहे. सासूबाई म्हणाल्या, "भांडत न्हाईत गं. काकीस्नी ऐकू येत न्हाय. तरणेपणी तापात कान गेलं."

त्यामुळे त्या घरात गुपित म्हणून काही राहत नसे. साहेबांची पेन्शन जमा झाली, साहेबांचं पोट बिघडलं, काकींच्या भावानं पोरीच्या बारशाला बोलावलं नाही, सगळं गल्लीला त्याच दिवशी कळायचं. आमच्या पेठेत एरवीही कुणी हळू बोलत नाही, पण त्या घराची सर कुणाला नव्हती. काकींच्या हातात भाजीची पिशवी दिसली की पोरं त्यांच्या आधी सांगायची आज काय शिजणार आहे ते.

पुढे मी इंगवले वकिलांच्या ऑफिसात ज्युनियर म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथे खिडकीपाशी एक सडपातळ, पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ बसलेले असायचे. इतक्या हळू बोलायचे की अशिलाला पुढे वाकावं लागे. हेच ते मागच्या गल्लीतले कांबळेसाहेब, हे कळायला मला बरेच दिवस लागले. कळल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "आवाज घरी खर्च हुतो, वकीलबाई. हितं शिल्लक ऱ्हात न्हाय."

ज्या माणसानं आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला बायकोशी खरं बोलायला लावलं, त्याच्यावर पुढे एक दिवस तीच वेळ आली. त्यांनाही काकींना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला कोल्हापुरात जागा सापडेना. त्याआधी त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं.

इंगवले वकील नादारीचे अर्ज करत. नादारी म्हणजे माणसानं कोर्टात जाऊन लिहून द्यायचं, की माझ्यानं देणी फिटत नाहीत, माझं जे आहे ते घ्या आणि मला मोकळं करा. सगळेच वकील हे अर्ज करत, पण आमच्याकडे एक अट होती. कांबळेसाहेबांपुढे जोडीनं बसल्याशिवाय अर्ज टाईप व्हायचा नाही. अशील कुरकुरला तर इंगवले डोळे न उचलता म्हणत, "कलम आहे." असं कलम कुठेही नव्हतं. त्यांच्या सुरुवातीच्या एका अशिलानं घरी न सांगता अर्ज केला होता, अर्जाची नोटीस पेपरात आली, आणि बायकोनं ती दळणाच्या डब्याखाली घातलेल्या पेपरात वाचली. ती पोरांना घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. तेव्हापासून हे कलम.

लोकांना ते सरकारी वाटे. दुसऱ्या वकिलांचे अशीलसुद्धा जिन्यातून डोकावून विचारत, "बसायचं हितंच व्हय?" एकदा कोर्टात एका जुन्या अशिलानं भर सुनावणीत सांगितलं, "साहेब, माझं बसून झालंया." न्यायाधीशांनी इंगवल्यांना विचारलं, हे बसणं कुठल्या कायद्यात येतं? इंगवले म्हणाले, "आमच्या ऑफिसच्या, साहेब." न्यायाधीशांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि पुढची तारीख दिली.

कांबळेसाहेब त्याआधी एका सहकारी बँकेत वसुली अधिकारी होते. म्हणजे थकलेल्या कर्जदाराच्या दारावर नोटीस डकवायची, पंचनामा करायचा, हे काम. पंचनाम्याच्या वेळी पुरुष घरी नसे. कुठेतरी निघून गेलेला असे. दार उघडायची ती बाई. ते म्हणत, बाई नोटीस वाचते ती आधी सगळी वाचत नाही, नाव वाचते. त्यातली एक जण, कणकेच्या हातानं दारात आलेली, त्यांना कायम आठवायची. तिनं नाव वाचलं आणि विचारलं, "साहेब, ह्या नावाचं आणिक कोण ऱ्हातंय का गल्लीत?"

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्याही नसावं. त्या ऑफिसात सुरुवातीला मला रडू यायचं, नंतर यायचं बंद झालं. साहेब म्हणाले होते, तसंच होतं. ते चांगलं की वाईट हे मी अजून ठरवलेलं नाही.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. माणूस जिना चढून आला, टोपी काढून बसला, की, "या पावणं. पाणी घ्या. घरात म्हाईत हाय?" आणि उत्तरही ठरलेलं. "व्हय, सांगितलंया की." सगळे हेच म्हणायचे आणि सगळे खोटं बोलायचे. साहेब वाद घालत नसत. "मग उद्या त्यास्नीच घेऊन या," एवढंच. काही जण उद्या येत, काही महिन्यानं. काही येतच नसत. त्यांचं पुढे काय झालं हे आम्ही विचारायचं नाही, अशीही एक न लिहिलेली अट होती.

जोडी आली की साहेब दोन खुर्च्या समोरासमोर लावत, गुडघे लागतील इतक्या जवळ. स्वतःची खुर्ची खिडकीकडे फिरवत, पाठ करून बसत, आणि खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढत. मग म्हणत, "हं, सांगा." पुरुष त्यांच्या पाठीकडे बघून सुरुवात करायचा, "त्याचं असं झालं साहेब..." "मला न्हवं. त्यास्नी." आणि शेंग फुटल्याचा आवाज. मी विचारलं होतं, शेंगा कशाला? म्हणाले, शेंगा फुटत असल्या की माणसाला वाटतं हा ऐकत नाही, खातोय. पाठ नुसती गप्प बसली की पोलिसासारखी वाटते.

मधे ते कधी बोलत नसत. हिशेब, कुणाचं किती, कशाचं काय करायचं, हे सगळं नंतर. आधी त्यानं तिला सांगायचं. एस.टी.डी. बूथ चालवणारा एक जण होता, मोबाईल आल्यावर बसलेला. त्यानं बायकोला सांगायला सुरुवात केली ती टेलिफोन खात्याच्या धोरणापासून. साहेबांनी बऱ्याच शेंगा फोडल्या. शेवटी तो म्हणाला, "बूथ गेला. दागिनं बी गेल्याती. लॉकरमधी काय न्हाय." बाई पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली. मी टाईप थांबवलं. मग ती म्हणाली, "जाताना भाजी काय घ्यायची?"

ते गेल्यावर साहेबांनी टरफलं गोळा केली. मी म्हटलं, काय बाई आहे, एवढं ऐकून भाजीचं विचारते. साहेब म्हणाले, "भाजीवर आली न्हवं? मग झालं. घर टिकलं." हे त्यांचं माप होतं. बाई रडली, ओरडली, चप्पल घेऊन मारायला उठली तरी त्यांना त्याचं काही नसे. ती कधी भाजीवर येते, पोराच्या डब्यावर येते, पाणी तापवायचं राहिलं यावर येते, याची ते पाठ करून वाट बघत. कधी कधी ती येत नसे. एक बाई सगळं शांतपणे ऐकून उठली, पदर नीट केला आणि जिना उतरून गेली. नवरा खुर्चीत बसून राहिला. साहेब खिडकीतूनच म्हणाले, "यष्टी स्टँडकडं निघाल्या. जावा मागनं." तो गेला की नाही मला माहीत नाही.

नादार या शब्दानं आमच्याकडे पुष्कळ घोटाळे व्हायचे. कोल्हापुरात नाद हा शब्द माणूस जन्मल्यापासून ऐकतो. कुणाला कुस्तीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा. त्यामुळे नादार म्हणजे नाद असलेला, अशी कित्येकांची समजूत. स्पेअर पार्टचं दुकान असलेला एक भला माणूस मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहून बुडाला होता. अर्जावर नादार शब्द बघून तो लालबुंद झाला. "साहेब, दारू न्हाय, जुगार न्हाय, पानसुदीक खात न्हाय मी. नादार कशानं?"

साहेब म्हणाले, "सही करायचा नाद हुता की."

त्याची बायको हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.

अर्थ समजलेल्यांना मात्र तो शब्द फार लागायचा. मग साहेब त्यांना आपल्या शाळेची गोष्ट सांगत. शिरोळकडच्या त्यांच्या गावात, नदीकाठी शाळा होती. ज्यांच्या घरची फी भरायची ऐपत नाही त्या मुलांना फी माफ व्हायची, त्या माफीलाही नादारीच म्हणत. वर्षाच्या सुरुवातीला मास्तर वर्गात मोठ्यानं विचारत, "नादार कोण कोण? हात वर करा." आमच्या वस्तीतली पोरं खाली बघत बसायची, साहेब सांगत, एक मी सोडून. मी हात वर करायचो. "हात वर व्हईस्तवर जड असतुया. एकदा वर झाला की काय न्हाय. मास्तर नाव लिवून घेत्यात आन् पुढचा धडा चालू." त्याच मास्तरांनी पुढे त्यांना स्वतःच्या खर्चानं कोल्हापूरला कॉलेजात घातलं. साहेब बँकेत लागले, अधिकारी झाले, आणि पेठेत घर विकत घेतलं. ते घर त्यांना कुणी सहज दिलं नव्हतं. नाव ऐकून दोन ठिकाणी सौदा मोडला होता. तिसऱ्या ठिकाणी मिळालं. दारावर त्यांनी पितळी पाटी लावली होती आणि काकी ती दर रविवारी चिंचेनं घासत.

फुटबॉल हा त्यांचा एकुलता एक नाद. आमच्या ऑफिसातली सगळ्यात मोठी बैठकही त्यांनी फुटबॉलमुळेच निभावली. पेठेतल्या एका टीमच्या पोरांनी पतसंस्थेतून कर्जं काढली होती, कुणी रिक्षेसाठी, कुणी चपलांच्या दुकानासाठी. जामीन कोण? तर गोलकीपरला सेंटर फॉरवर्ड, सेंटर फॉरवर्डला हाफ, हाफला परत गोलकीपर, अशी सगळी अकरा जणं एकमेकांत गुंतलेली. मैदानात एकमेकांसाठी पाय मोडून घेणारी पोरं, त्यांना सही म्हणजे काय वाटणार? चहा पिता पिता सह्या झाल्या होत्या. रिक्षावाल्याचे हप्ते थकले आणि सगळी टीम एकदम खाली आली.

ते जिन्यात मावेनात. साहेबांनी त्यांची बैठक तालमीत घेतली, बायकांसकट. बावीस खुर्च्या लावल्या, समोरासमोर, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. एकदम अकरा पुरुष बोलायला लागले की काय गोंगाट होतो ते मी तिथे ऐकलं. कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. ज्याचं त्याच्या बायकोला तेवढं जात होतं. परत येताना साहेब म्हणाले, "बघितलासा वकीलबाई? लई लोकं वरडत असली की माणूस निवांत बोलतंय." मी हो म्हटलं. ते वाक्य पुढे उपयोगी पडेल असं तेव्हा वाटलं नाही.

त्या पोरांतल्या बहुतेकांना अर्ज करावाच लागला नाही. साहेबांनी पतसंस्थेत जाऊन जामिनाचा तो गुंता एकेक गाठ सोडवत मोकळा केला. टीम त्या वर्षी लवकर हरली, पण साहेबांना दर मॅचचे पास घरपोच येऊ लागले.

मग एका फेब्रुवारीत, दुपारी, ऑफिसात कुणी नसताना, साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "इंगवलेसाहेब, एक अर्ज आपला बी करावा लागंल."

इंगवल्यांना वाटलं, कुणी ओळखीचा असेल. "कुणाचा?"

"आपलाच म्हणलं की. माझा."

मास्तरांचा मुलगा कोल्हापुरात प्रेस चालवायचा, लग्नपत्रिका, पावतीबुकं, निवडणुकीची पत्रकं. त्याला मोठं यंत्र घ्यायचं होतं. साहेब जामीन राहिले, आणि नुसते जामीन नाही, घर तारण दिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची तारणं तपासलेला माणूस. मी विचारलं नाही का केलंत म्हणून, कारण उत्तर माहीत होतं. मास्तर तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते आणि मुलाबरोबर त्यांनी निरोप धाडला होता, नुसतं एवढंच, की कांबळेला सांग. यंत्र आलं आणि मागोमाग गावभर फ्लेक्सचे डिजिटल बोर्ड आले. मुलगा प्रेस बंद करून पुण्याला गेला. मास्तर वारले होते.

इंगवल्यांनी पेनाला टोपण लावलं. मग सवयीनं, खरंच सवयीनं, त्यांच्या तोंडून गेलं, "घरात माहीत आहे?"

"व्हय," साहेब म्हणाले. "सांगितलंया की."

मी टाईपरायटरच्या मागे होते. मला वाटलं होतं की या ऑफिसात मला आता काही वाटत नाही. ते खरं नव्हतं.

इंगवले म्हणाले, "मग उद्या काकींना घेऊन या." आणि साहेबांनी मान डोलावली, त्या सगळ्यांनी डोलावली होती तशी.

काकी उद्या आल्या नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. घरावर नोटीस कधी डकवतील हे साहेबांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. उन्हाळा संपायच्या आत ती लागणार होती. बँकेची माणसं येणार, दार काकी उघडणार, आणि काकी आधी नाव वाचणार. त्याच्या आधी त्यांना सांगायचं, एवढंच साहेबांना हवं होतं. घर वाचेल अशी आशा त्यांनी एकदाही बोलून दाखवली नाही.

एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा मी म्हटलं, "साहेब, सांगून टाका हो."

"वकीलबाई, तुमची खिडकी कुठं उघडती?"

"मागच्या गल्लीत."

"मग तुमास्नी कळंलच की, सांगितल्यावर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकींना सांगायचं म्हणजे ओरडायचं. ज्या गल्लीत ती पितळी पाटी लावायला त्यांना इतकी वर्षं लागली, त्या गल्लीत ओरडून सांगायचं की हे घर गेलं. मी म्हटलं, लिहून द्या ना. काकींना वाचता येतं. साहेब हसले नाहीत. "कागद? जल्मभर बायकांच्या हातात कागदच दिलं की मी. तिला बी कागदच देऊ व्हय?"

त्यांनी प्रयत्न केले. काकींना घेऊन रंकाळ्यावर गेले, तर तिथे फिरायला आलेली अर्धी पेठ. भेळ खाऊन परत आले. शिरोळला आपल्या भावाच्या शेतात नेलं, तिथे बांधावर दोघंच, चहूकडे ऊस. साहेबांनी तोंड उघडलं आणि उसातून भाऊ बाहेर आला, पाणी पाजत होता. आमच्या ऑफिसातही आणलं एकदा. खुर्च्या समोरासमोर लावल्या. इंगवले बाहेर गेले. मी साहेबांच्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले. माझ्याजवळ शेंगा नव्हत्या. मागे काहीच आवाज नाही. खाली शिंप्याच्या दुकानात मशीन चालू होतं, जिन्यात दुसऱ्या वकिलांचे अशील बसलेले. खूप वेळानं काकींचा खणखणीत आवाज आला, "हितं कशाला आणलंय मला? बोला की काय ते." शिंप्याचं मशीन थांबलं. साहेब म्हणाले, "चल." आणि ते काकींना घेऊन जिना उतरले.

संध्याकाळी मागच्या गल्लीत साखर, भाकर चालूच होतं. मी खिडकी लावून घेऊ लागले.

पुढचं थोडक्यात सांगते. अर्ज झाला, मीच टाईप केला, घर गेलं. साहेब आणि काकी शिरोळकडे भावाच्या शेजारी एका खोलीत राहायला गेले. कोर्टाच्या तारखांना ते आले तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघितलं नाही, फायलीत डोकं घालून बसले. पितळी पाटी काकींनी काढून नेली, भिंतीवर चार भोकं राहिली, नव्या मालकानं ती बुजवली. काही वर्षांनी साहेब गेल्याचा फोन आला. आमच्या ऑफिसात ती खिडकीजवळची खुर्ची अजून आहे आणि अट पण आहे. आता पाठ करून मी बसते.

पण माझ्या लेखी त्यांचं शेवटचं दर्शन ते नव्हे. ते त्याच उन्हाळ्यातलं, स्टेडियममधलं.

फायनल होती. पेठेतल्याच दोन टीम, त्यामुळे पेठेत सकाळपासून चूल पेटली नव्हती असं म्हटलं तरी चालेल. माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, मला ओढून नेलं. बायका मोजक्याच होत्या, म्हणून मला दोन ओळी खाली काकी लगेच दिसल्या. डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी, डोळे मैदानावर. शेजारी साहेब, पांढऱ्या शर्टात. मला नवल वाटलं, काकींना ते मॅचला कधी आणत नसत.

उत्तरार्धात खेळ चढला. हलग्या, शिट्ट्या, कागदाचे तुकडे, दोन्ही बाजूंनी अशी ओरड की दिलीप माझ्या कानाशी काय बोलत होता ते मला कळत नव्हतं. तेव्हा साहेब काकींकडे वळले. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले, काकींच्या कानाला लावले, आणि बोलायला लागले. त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. ते ओरडत होते, सगळा जोर लावून ओरडत होते, आणि त्यांच्या पुढच्या माणसालासुद्धा ते ऐकू जात नव्हतं. कुणी वळून बघितलं नाही. पुष्कळ वेळ ते बोलले. मला माहीत होतं ते काय सांगतायत. त्या सबंध स्टेडियममध्ये आम्हां तिघांनाच माहीत होतं, आणि तिसरीला आत्ता कळत होतं.

काकी मैदानाकडेच बघत होत्या. मग गोलच्या तोंडाशी काही झालं, चेंडू बारला लागून बाहेर गेला, आणि अशा वेळी होतं तसं सगळं स्टेडियम क्षणभर गप्प झालं. नेमकं तेव्हाच काकी मोठ्यानं म्हणाल्या, कारण त्यांना हळू बोलता येतच नव्हतं, "नादार? आता आणि कोण नादार झालंय?"

त्यांना वाटलं होतं, साहेब ऑफिसातल्या कुणाचं तरी सांगतायत.

आजूबाजूची माणसं बघू लागली. साहेबांना आता बोलता येणार नव्हतं. त्यांनी काकींकडे बघितलं आणि हात वर केला. खांद्याच्या थोडा वर, पंजा उघडा, वर्गात करतात तसा. मागचं कुणीतरी म्हणालं, "व्हय साहेब, हँड हुता तो, रेफ्री आंधळा हाय." आणि पुन्हा गोंगाट सुरू झाला.

हात तसाच वर राहिला. काकी त्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी तो मनगटाला धरून खाली ओढला, आपल्या पिशवीवर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. पुढे गोल झाला. सगळे उभे राहिले, मीही राहिले. मी खाली बघितलं तर माणसांच्या पाठींमधून ती दोघं बसलेलीच दिसली. काकींचा चेहरा मला दिसला नाही.

मॅच सुटल्यावर मी दिलीपचा हात सोडून गर्दीतून त्यांच्या मागे गेले. कशासाठी ते मला चांगलं माहीत होतं, काकी कशावर येतात ते ऐकायला. फाटकापर्यंत काकी एक शब्द बोलल्या नाहीत. साहेबांचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. पोरं नाचत होती, गुलाल उडत होता, ती दोघं त्यातून चालत होती. फाटकाबाहेर मोकळी जागा आली तशा काकी थांबल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सायकल कुठं लावलीसा?"

साहेबांनी हात करून दाखवली.